जी शेपटी वीज वाहून नेत नाही, तीच ठरवते वीज किती वाहणार! प्लॅस्टिकच्या सेमीकंडक्टरची गोष्ट

वायरमनच्या पक्कडीची मूठ प्लॅस्टिकची असते. टेस्टरची मूठ प्लॅस्टिकची, घरातल्या वायरींवरचं आवरणही प्लॅस्टिकचं. कारण सगळ्यांना माहितीये, प्लॅस्टिकमधून वीज जात नाही.

पण २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांनी नेमकं उलटं करून दाखवलं होतं. अमेरिकेचे ॲलन हीगर, मूळचे न्यूझीलंडचे ॲलन मॅकडायर्मिड आणि जपानचे हिदेकी शिराकावा. शिराकावांच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेत एकदा प्रमाण चुकलं, उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि भांड्यात नेहमीच्या पुडीऐवजी चंदेरी, चकचकीत पापुद्रा तयार झाला. पॉलिअसिटिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा. पुढे १९७७ मध्ये तिघांनी मिळून या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक कोटी पटींनी वाढली.

तिथून एक स्वप्न सुरू झालं. पेपर छापतात तसं सर्किट छापायचं. सिलिकॉनला लागणारी हजार-दीड हजार अंशांची भट्टी नको, धुळीचा कणही चालत नाही असले कारखाने नकोत. शाई घ्यायची, प्लॅस्टिकच्या गुंडाळीवर छापायची आणि सोलर पॅनेल चटईसारखं गुंडाळून घरी न्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग ही चटई आपल्या गच्चीवर अजून का नाही? कारणं बरीच आहेत. पण त्यातलं एक इतकं विचित्र आहे की ते नीट समजून घ्यायलाच हवं. ते कारण म्हणजे या रेणूंना चिकटवलेली एक शेपटी. या शेपटीतून वीज अजिबात जात नाही. तरीही ती किती लांब आहे, यावर अख्खा खेळ ठरतो.

शाई करायची तर आधी विरघळलं पाहिजे

पॉलिअसिटिलीनची गोची अशी होती की ते कशात विरघळत नव्हतं, वितळत नव्हतं आणि हवेत उघडं ठेवलं तर खराब होत होतं. नोबेल मिळवून देणारा पदार्थ, पण त्याची शाई करता येईना.

त्याच्या जागी पॉलिथायोफीन नावाचा जास्त टिकाऊ पदार्थ पुढे आला. चार कार्बन आणि एक सल्फर मिळून झालेली पंचकोनी कडी, अशा कड्या एकापुढे एक जोडलेल्या. हासुद्धा विरघळेना.

याचं कारण रेणूच्या आकारात आहे. हे रेणू सपाट आणि ताठ असतात. भाकरीवर भाकरी रचावी तसे ते एकमेकांवर घट्ट बसतात. विरघळवायचं म्हणजे द्रावणाच्या रेणूंनी या थप्पीत शिरून एकेक भाकरी सुटी करायची. पण थप्पी इतकी घट्ट की शिरायला फटच नाही.

आणि गंमत बघा, वीज वाहायला हीच घट्ट थप्पी लागते. म्हणजे जो गुण पाहिजे, तोच छापण्याच्या आड येतोय.

इथे शेपटी आली. शास्त्रीय भाषेत तिचं नाव अल्काइल साखळी. कार्बनचे अणू एकापुढे एक आणि त्यांच्या भोवती हायड्रोजन, बस्स. ही साखळी तुमच्या घरात आधीच आहे. स्वयंपाकाच्या सिलेंडरमध्ये तीन आणि चार कार्बनच्या साखळ्या असतात, म्हणून तो गॅस. पेट्रोलमध्ये साधारण चार ते बारा कार्बनच्या, म्हणून ते पातळ. मेणबत्तीच्या मेणात वीसच्या पुढच्या, म्हणून ते घट्ट. पदार्थाची जात तीच, फक्त लांबी वाढली तर वायूचं मेण होतं.

अशा साखळीचं एक टोक मोठ्या रेणूला जोडलं की झाली शेपटी. एक कार्बनची असेल तर मिथाइल, चारची ब्युटाइल, सहाची हेक्झाइल, आठची ऑक्टाइल, बाराची डोडेसाइल.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या अलाइड कंपनीत रोनाल्ड एल्सनबाऊमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिथायोफीनच्या प्रत्येक कडीला अशी शेपटी लावून पाहिली. एका कार्बनची शेपटी पुरत नाही. चार कार्बन किंवा त्याहून लांब शेपटी लावली तेव्हा कुठे पदार्थ विरघळायला लागला. शेपट्या भाकऱ्यांच्या कडेला लोंबकळत राहतात, सारख्या हलतात आणि द्रावणाला आत शिरायला वाट करून देतात.

प्रश्न सुटला? अर्धाच.

निम्मं वजन फुकटचं

रेणूचा जो मुख्य कणा असतो, त्यात एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी, असं आलटून पालटून चालतं. त्यामुळे तिथले काही इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले नसतात, ते कण्यावर पसरतात. शेपटीत सगळे बंध एकेरी. प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या दोन अणूंच्या मध्ये अडकलेला. विजेच्या दृष्टीने शेपटी म्हणजे मेणच.

आता हिशेब करा. सहा कार्बनची शेपटी लावलेल्या पॉलिथायोफीनला पी-३-एच-टी म्हणतात. या क्षेत्रात सगळ्यात जास्त अभ्यासल्या गेलेल्या पदार्थांपैकी हा एक. अणूंची वजनं मांडून बेरीज केली तर त्याच्या एकूण वजनातलं ५१ टक्के वजन शेपटीचं निघतं. शेपटी बारा कार्बनची केली की हाच आकडा ६८ टक्क्यांवर जातो. म्हणजे १०० ग्रॅम सेमीकंडक्टर घेतला तर त्यात ६८ ग्रॅम मेण!

म्हणजे शेपटी जितकी आखूड तितकी वीज जास्त, असं सरळ गणित असायला हवं. पण तसं नाही.

हे समजून घ्यायला स्लॅब टाकायचा दिवस आठवा. मिक्सरपासून वरच्या मजल्यापर्यंत माणसांची रांग लागते आणि घमेली हातोहात पुढे सरकतात. दोन माणसं हाताच्या अंतरावर उभी असतील तर घमेलं झपाझप जातं. मध्ये कोणी दोन पावलं लांब उभा राहिला, तर आख्खी रांग त्याच्यासाठी थांबते.

या पदार्थांत वीज अशीच जाते. एका रेणूवरून शेजारच्या रेणूवर, हातोहात. पी-३-एच-टी मध्ये दोन थरांमधलं हे अंतर असतं साधारण ०.३८ नॅनोमीटर. शेपट्या या दिशेने नसतात, त्या बाजूला पसरतात. तिकडे मात्र शेजारच्या रांगेपर्यंतचं अंतर १.६ नॅनोमीटरच्या आसपास जातं आणि बारा कार्बनच्या शेपटीत ते अडीच नॅनोमीटरच्या वर पोचतं. थोडक्यात, रांगेतल्या रांगेत वीज पळते. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जायला तिला मेणाची भिंत आडवी येते.

त्यामुळे शेपटी किती लांब, एवढंच विचारून भागत नाही. तिने रांग सरळ लावली का, हेही विचारावं लागतं. आखूड शेपटीचा पदार्थ नीट विरघळत नाही, शाईत गुठळ्या राहतात, थर वेडावाकडा बसतो आणि रांगा मोडतात. फार लांब शेपटीत मेणच जास्त होतं. पॉलिथायोफीनच्या घराण्यात चारपासून बारा कार्बनपर्यंतच्या शेपट्या लावून ट्रान्झिस्टर बनवले गेले, तेव्हा सहा कार्बनवाला सरस ठरला आणि बारावाला त्याच्या कितीतरी मागे राहिला.

शेपटीचं तोंड कुठे आहे, हेही महत्त्वाचं. सुरुवातीच्या पदार्थात शेपट्या कशाही लागायच्या, एक डावीकडे तोंड करून तर दुसरी उजवीकडे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड मॅकक्युलॉ आणि रूबेन रीके यांच्या गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी सगळ्या शेपट्या एकाच दिशेने लावून दाखवल्या. मग १९९९ मध्ये केंब्रिजमधल्या हेनिंग सिरिंगहाऊस यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की शेपट्या शिस्तीत असतील तर रेणू पृष्ठभागावर कडेवर उभे राहतात, नाहीतर आडवे पडतात. कपाटात उभी लावलेली पुस्तकं आणि टेबलावर पडलेली पुस्तकं, एवढाच फरक. पण ट्रान्झिस्टरमधून वीज जाण्याच्या वेगात यामुळे शंभरपटीहून जास्त फरक पडला.

जपानची चेन

इथपर्यंत वाचून शेपटी म्हणजे नाइलाजाने पत्करलेला भार वाटेल. बराच काळ अनेकांना तसंच वाटत होतं. पण जपानमधल्या हिरोओ इनोकुची यांनी १९८६ मध्येच वेगळं काहीतरी पाहिलं होतं. ऑरगॅनिक पदार्थही सेमीकंडक्टर असू शकतात, हे जगाला दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. त्यांच्या गटाने सल्फरवाल्या एका छोट्या रेणूला चार बाजूंनी शेपट्या लावल्या आणि त्यांची लांबी वाढवत नेली. मेण वाढलं की वीज कमी व्हायला हवी ना? झालं उलटं. शेपटी लांब झाल्यावर वीज जास्त वाहायला लागली.

कारण शेपट्या एकमेकींना ओढतात. दोन शेपट्यांमधलं हे आकर्षण अगदी क्षीण असतं, पण लांबी वाढेल तशी त्याची बेरीज होत जाते. पुरेशा लांब शेपट्या एकमेकींत गुंतल्या की त्या मधल्या सपाट रेणूंनाही जवळ खेचतात. इनोकुचींनी याला नाव दिलं रेणूंचा फास्टनर. आपल्या भाषेत सांगायचं तर दप्तराची चेन. दात जुळले की दोन्ही बाजू घट्ट.

हीच चेन वीस वर्षांनी पुन्हा कामी आली. हिरोशिमा विद्यापीठात काझुओ ताकिमिया यांचा गट बी-टी-बी-टी नावाच्या रेणूवर काम करत होता. चार कड्या एका ओळीत, त्यातल्या दोघींत सल्फर. २००७ मध्ये त्यांनी या रेणूच्या दोन्ही टोकांना पाच ते चौदा कार्बनच्या शेपट्या लावून एक पूर्ण मालिकाच तयार केली. यातला आठ कार्बनवाला, सी-८-बी-टी-बी-टी, सगळ्यात गाजला. तो मस्त विरघळतो आणि त्याचे स्फटिकही देखणे बसतात. पण शेपटी फार लांब नेली की हा पदार्थ पुन्हा कमी विरघळायला लागतो, कारण आता शेपट्याच एकमेकींना सोडत नाहीत. ज्या शेपटीमुळे पदार्थ विरघळायला लागला, तीच जास्त लांब झाली की विरघळू देत नाही.

२०११ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या शास्त्रज्ञांनी सी-८-बी-टी-बी-टी चक्क इंकजेट पद्धतीने छापला. इलेक्ट्रॉन किंवा त्याची रिकामी जागा पदार्थातून किती चपळाईने सरकते, ते मोजायचं माप म्हणजे मोबिलिटी. एलसीडी टीव्हीच्या पडद्यामागे जो साधा, अस्फटिक सिलिकॉन असतो, त्याची मोबिलिटी १ च्या आसपास किंवा त्याहून कमी. छापलेल्या या थरांची सरासरी आली १६.४ आणि सगळ्यात चांगल्याची ३१ च्या वर. प्रोसेसरमधल्या स्फटिक सिलिकॉनचा आकडा हजाराच्या पुढे असतो, त्यामुळे मोबाईलची चिप उद्या प्रिंटरवर निघेल या भ्रमात राहू नका. पण पडदा चालवायला, सेन्सरला, टॅगला हे भरपूर झालं.

याच रेणूने शेपटीची आणखी दोन दुखणी उघडी पाडली. पहिलं, हे रेणू उभे राहतात तेव्हा शेपटी वर आणि खाली येते. वर धातूची तार जोडली की तार आणि कणा यांच्यामध्ये मेणाचा थर. आत रस्ता गुळगुळीत, पण टोलनाक्यावर रांग! दुसरं दुखणं उष्णतेचं. सी-८-बी-टी-बी-टी ११० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतो. सर्किटच्या सोल्डरिंगला २०० अंशांच्या वर तापमान लागतं. जपानमध्ये जुन-इची हान्ना यांच्या गटाने यावर २०१५ मध्ये तोडगा काढला. शेपटी एकाच बाजूला ठेवायची, दहा कार्बनची. दुसऱ्या बाजूला ताठ बेंझिनची कडी. हा थर २०० अंशांपर्यंत तग धरतो.

सम-विषमाचा खेळ

शेपटीत सहा कार्बन आहेत की सात, याने एका कार्बनपेक्षा जास्त फरक पडतो. साखळी सरळ नसते, नागमोडी असते. त्यामुळे कार्बन सम असतील तर शेवटचं टोक एका दिशेला वळतं, विषम असतील तर दुसऱ्या. टोक कुठे वळलंय, यावर शेजारच्या थराशी ते कसं बसेल हे ठरतं. मेदाम्लांच्या वितळण्याच्या तापमानात असा सम-विषम चढउतार असतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७७ मध्येच नोंदवलं होतं. सेमीकंडक्टरच्या बऱ्याच मालिकांमध्येही तसाच चढउतार दिसतो.

१९७७ चा उल्लेख वर आला. त्याच वर्षी बंगळुरूच्या रमन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी थाळीच्या आकाराच्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले. मध्ये बेंझिनची कडी, भोवती सहा शेपट्या. तापवल्यावर शेपट्या आधी वितळतात, पण थाळ्या एकावर एक रचलेल्याच राहतात. १९९४ मध्ये जर्मनीतल्या गटाने अशाच थाळ्यांच्या थप्पीतून, सहा कार्बनच्या सहा शेपट्या असलेल्या रेणूतून, वीज चांगली पळते हे ‘नेचर’मध्ये दाखवलं. भारतात लागलेला हा शोध जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्याकडे मात्र तो फारसा कुणाला ठाऊक नाही.

बाटलीत मिळाली म्हणून लावली

सरळ शेपटीखेरीज फाटे फुटलेली शेपटीही असते. त्यात सगळ्यात लोकप्रिय आहे २-इथाइलहेक्झाइल. दुसऱ्या कार्बनवर एक छोटी फांदी. ती इतकी सगळीकडे का दिसते? ती सर्वोत्तम आहे म्हणून नाही. पीव्हीसी मऊ करायला जे रसायन लागतं, त्यासाठी हिचं अल्कोहोल जगभर टनावारी बनतं, म्हणून ते स्वस्तात बाटलीत मिळतं. म्हणजे कित्येक वर्षं कोट्यवधींच्या संशोधनात रेणूच्या निम्म्या भागाची निवड दुकानात काय आहे ते बघून होत होती!

फाटा रेणूच्या कण्याला अगदी खेटून असेल तर तो शेजारच्या रेणूला जवळ येऊ देत नाही. पेकिंग विद्यापीठातल्या जियान पेई यांच्या गटाने २०१२ मध्ये हा फाटा एकेक कार्बनने कण्यापासून लांब सरकवून पाहिला. कणा तोच. बदलली फक्त फाट्याची जागा. दोन थरांमधलं अंतर सुमारे ०.३७५ वरून ०.३५७ नॅनोमीटरवर आलं आणि मोबिलिटी ३.६२ पर्यंत चढली. फाटा आणखी एक कार्बन पुढे नेला, तर ती पुन्हा घसरली.

सोलरमध्ये हीच गोष्ट पैशांत मोजता येते. २०१९ मध्ये चीनच्या चांगशा शहरातल्या सेंट्रल साऊथ विद्यापीठाने वाय-६ नावाचा रेणू आणला आणि ऑरगॅनिक सोलर सेलची कार्यक्षमता १५.७ टक्क्यांवर नेली. पुढच्याच वर्षी बीजिंगमधल्या हौ जियानहुई यांच्या गटाने याच जातीच्या रेणूवर शेपट्यांचे प्रयोग केले. अकरा कार्बन, नऊ कार्बन, सात कार्बन. नऊवाला जिंकला, १७.८ टक्के. या सेलमध्ये दोन पदार्थ एकत्र कालवलेले असतात आणि ते किती मिसळावेत, किती वेगळे राहावेत, हे बरंचसं शेपटी ठरवते. शेपटी नको तितकी लांब झाली की रेणूंची रांग सैल पडते, नको तितकी आखूड झाली की गुठळ्या. त्यानंतर असे सेल १९-२० टक्क्यांपर्यंत पोचले आणि त्या शर्यतीतही शेपट्यांची छाटणी सारखी चालू राहिली.

म्हणजे उत्तर काय, सहा, आठ की नऊ? एकच आकडा सगळ्यांना चालत नाही. कणा बदलला की उत्तर बदलतं. एवढंच कशाला, द्रावण बदललं तरी बदलतं. प्रयोगशाळेत हे पदार्थ सर्रास क्लोरोफॉर्म किंवा क्लोरोबेंझिनमध्ये विरघळवतात. हजारो मीटर गुंडाळी छापणाऱ्या कारखान्यात कामगारांच्या नाकाशी ही विषारी वाफ चालणार नाही. कमी घातक द्रावणात विरघळायला बऱ्याचदा शेपटी लांब किंवा फाटेवाली करावी लागते. म्हणजे पुन्हा मेण वाढलं. तुमच्या फोनच्या ओएलईडी पडद्याने ही कटकट टाळली आहे. तिथले रेणू निर्वात पोकळीत तापवून, त्यांची वाफ करून काचेवर बसवतात. विरघळायचंच नाही, त्यामुळे लांब शेपटीची गरज नाही. पण ती यंत्रणा महाग असते आणि चटईएवढ्या सोलरला ती परवडणं अवघड.

एक भन्नाट उपाय डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक क्रेब्स यांच्या गटाने बराच काळ लावून धरला होता. पाल जशी वेळ आली की शेपूट टाकून पळते, तशी शेपटी टाकून द्यायची. शाई करताना शेपटी लावायची, छापायचं आणि मग तापवून ती तोडायची. शेपटी वायू होऊन उडून जाते आणि मागे उरतो जवळजवळ नुसता कणा. पुन्हा न विरघळणारा, टणक, टिकाऊ. कागदावर एकदम चोख. अडचण एवढीच की शेपटी तुटायला २०० अंश किंवा त्याहून जास्त तापमान लागतं. छापायची गुंडाळी ज्या प्लॅस्टिकची असते, म्हणजे आपल्या पाण्याच्या बाटलीवाल्या पीईटीची, ती त्याच्या बरीच आधी वेडीवाकडी होते.